बोडीतली चपटी गोगलगाय: मोठीचं पिल्लू की वेगळी जात?

बोडीकाठ | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी लाखांदूर तालुक्यातल्या (जि. भंडारा) एका खेड्यात राहते. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं. आता घरची धानशेती आणि संध्याकाळी गावातल्या मुलांच्या शिकवण्या. घरामागे आमची बोडी आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगते: बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेला लहान तलाव. ज्यांना कागदोपत्री मामा तलाव म्हणतात त्या मालगुजारी तलावांची ही धाकटी बहीण.

रोवणा (धानाची लावणी) आटोपला त्या दिवशी बोडीत पाय धुताना कमळाचं एक जुनं पान उलटलं. पानाखाली बारीक बारीक चकल्या चिकटलेल्या. चकलीच म्हणते, कारण शंखासारखं वर आलेलं टोक नाहीच. एकाच पातळीत गोल गोल फिरलेली कवचं. लाखोळीच्या डाळीपेक्षा मोठं एकही नाही. त्या एका पानाखाली २३ मोजल्या.

घरी आणून आलेखाच्या कागदावर ठेवल्या. सगळ्यात मोठीची रुंदी ५ मिलिमीटर, जाडी जेमतेम दीड. कवच पिवळसर तपकिरी आणि इतकं पातळ की आतल्या जिवाचे काळे डाग बाहेरून दिसतात. एक बाजू जवळजवळ सपाट, दुसरी मधोमध किंचित खोल. तोंडाला झाकण नाही.

आता माझा प्रश्न. आमच्या बोडीत मोठी चपटी गोगलगायही आहे, इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढणारी. कॉलेजात असताना संग्रहात एक बरणी होती, तिच्यात अशाच बारीक चकल्या आणि चिठ्ठीवर 'इंडोप्लॅनॉर्बिस, पिल्ले'. प्रॅक्टिकलला तेच लिहिलं, तेच बरोबर धरलं गेलं. पण परवापासून त्या चिठ्ठीवर माझा विश्वास बसत नाहीये. पिल्लू असतं तर आईच्या अंगलटीचं दिसलं असतं ना? ही फारच चपटी आहे. फोटो जोडलेत. जाणकारांनी सांगावं, ही पिल्लं आहेत की वेगळी जात?

वैनगंगाकाठी | शनिवार, रात्री १०.१५

ताई, फोटो सगळे वरून काढलेत. बाजूने एक टाका.

डोंगा_जाळं | रविवार, सकाळी ६.०५

ताई, मी ढिवर समाजाचा, तलावातच आयुष्य गेलं. पुस्तकातलं नाव मले ठाऊक नाही, पण पाह्यलेलं सांगतो. मोठी चपटी आहे ना, ते पहिल्या पाण्यात पाळीजवळच्या, म्हणजे बांधाजवळच्या, गाळातून निघते. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळात दबून राहते. तिचे पिल्लं आषाढात बारीक असतात, दिवाळीपर्यंत चांगली बटनाएवढी होतात. पण हे पानाखालची बारीक आहे ते दिवाळीतही तेवढीच, संक्रांतीलेही तेवढीच. शिंगाड्याची वेल वर ओढली की पानाच्या पाठीवर हेच. मी तर तिले कधी मोठी झालेली पाह्यली नाही जी.

बोडीकाठ | रविवार, सकाळी ७.३०

भाऊ, ही फार मोलाची माहिती. मी एकाच दिवसाचं बघून विचारतेय, तुम्ही वर्षभराचं सांगताय. बाजूचे फोटो दुपारी टाकते.

शंखशिंपले | रविवार, दुपारी १.२०

गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवर काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. डोंगा_जाळं यांनी सांगितलं त्याला शास्त्रात वजन आहे. वाढ थांबलेली गोगलगाय आणि वाढती गोगलगाय यांतला फरक वर्षभर बघणाऱ्यालाच कळतो. पण एका दिवसाच्या नमुन्यावरूनही तो काढता येतो, कारण कवचात त्या जिवाचं सगळं वय साठवलेलं असतं. गोगलगाय जुनं कवच टाकत नाही, त्यालाच पुढे जोडत जाते. मधला ठिपका म्हणजे अंड्यातून निघाली तेव्हाचं कवच. तोंडाची कड म्हणजे आजची.

म्हणून आकार मोजून थांबू नका, वेढे मोजा.

पद्धत अशी. भिंगाखाली कवच सपाट ठेवा. मधोमध पहिलं अर्धवर्तुळ दिसेल, ते जिथे पूर्ण होतं तिथून एक सरळ रेघ कडेपर्यंत मनात ओढा. आता आतून बाहेर येताना शिवण (दोन वेढ्यांमधली खाच) ती रेघ किती वेळा ओलांडते ते मोजा आणि शेवटचा अपुरा वेढा पाव, अर्धा, पाऊण असा धरा. एकच रुंदी असलेल्या दोन गोगलगायी घ्या, एक तुमची पानाखालची, एक इंडोप्लॅनॉर्बिसचं नक्की ओळखलेलं पिल्लू. पानाखालची वेगळी जात असेल आणि पूर्ण वाढलेली असेल, तर तिच्यात वेढे जास्त भरतील. पिल्लाचे वेढे कमी आणि जाड असतील.

दुसरं, जाडी. इंडोप्लॅनॉर्बिसचा वेढा नळीसारखा फुगीर आणि उंच असतो, लहानपणीही. तिला टेबलावर उभी केली तर कडेवर उभी राहू शकते. तुमची ५ बाय दीड मिलिमीटर म्हणजे रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जाडी. एवढी चपटी इंडोप्लॅनॉर्बिस मी कधी हाताळलेली नाही.

तिसरं, कड. बाहेरचा वेढा गोल वळतो की मध्ये हलकी धार येते? बोटाने कळणार नाही, उजेड आडवा पाडून बघा.

चौथं, कवच फार चकचकीत असेल तर ओलं करून उजेडासमोर धरा. आतून पांढऱ्या आडव्या रेघा दिसल्या तर ती पॉलीपायलिस. तिच्या शेवटच्या वेढ्यात आतल्या बाजूला पडद्यासारखे दात असतात आणि ते बाहेरून रेघांसारखे दिसतात. तशा रेघा नसतील तर माझा कौल जायरॉलस या प्रजातीकडे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट).

फोटो काढताना तीन बाजू हव्यात: एक पाठ, दुसरी पाठ आणि तोंडाकडून. तोंडाकडचा फोटो सगळे विसरतात आणि ओळख बहुधा त्यातच असते.

बोडीकाठ | रविवार, रात्री ८.५०

सर, दुपारभर तेच केलं. शिकवणीची मुलं भोवती बसली होती, त्यांनी पण मोजलं. माझं आणि त्यांचं जुळलं तेवढंच इथे लिहितेय.

पानाखालच्या १० घेतल्या, रुंदी साडेचार ते ५ मिलिमीटर. वेढे पावणेचार ते सव्वाचार. पांढऱ्या रेघा एकीतही नाहीत. कडेला हलकी धार आहे, पण ती मधोमध नाही, सपाट बाजूकडे सरकलेली आहे.

पाळीजवळच्या गाळातून मोठीची तीन पिल्लं मिळाली. रुंदी ६ मिलिमीटर, म्हणजे पानाखालच्यांहून मोठी. तरी वेढे तीनच्या आसपास! आणि जाडी ४ मिलिमीटर. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मुलांपैकी एक म्हणाला, "मॅडम, एक बोर आहे आणि एक डाळ आहे."

शंखशिंपले | रविवार, रात्री ९.३५

त्या मुलाचं वाक्य नमुन्याच्या वहीत लिहून ठेवा. दोन वेगळे प्राणी आहेत यात आता शंका नाही.

ओसरीवरचा | सोमवार, सकाळी ९.००

मी निवृत्त शिक्षक, गाव सिंदेवाहीकडे. एक शंका आहे. कवच उजवं की डावं हे ओळखीत बघतात असं वाचलंय. आमच्या देवघरात वडिलांच्या वेळचा शंख आहे, तो वामावर्ती. मुंबईहून आलेला नातू म्हणतो, प्राणिशास्त्रात हा 'उजवा' शंख. खरं कोणाचं? आणि चकलीसारखी चपटी असेल तर उजवं-डावं ठरवायचं कसं?

शंखशिंपले | सोमवार, दुपारी १२.१०

सर, तुमचंही खरं आणि नातवाचंही. फरक शंख धरण्यात आहे.

प्राणिशास्त्रात शिखर (वेढे सुरू होतात ते टोक) वर आणि तोंड आपल्याकडे असं धरतात. तोंड उजवीकडे आलं तर उजवा. देवघरातला नेहमीचा शंख (टर्बिनेला पायरम) असा उजवाच असतो. परंपरेत मात्र तो निमुळतं पन्हाळीचं टोक वर करून बघतात. तोच शंख तसा फिरवला की तोंड डाव्या हाताला येतं, म्हणून तो वामावर्ती. ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो तो प्राणिशास्त्राच्या हिशेबाने डावा आणि लाखांत एखादा सापडावा असा दुर्मीळ, म्हणून त्याचं एवढं महत्त्व. आपल्या भाषेतला शब्द आणि पुस्तकातला शब्द सरळ उलटे पडतात. मराठीत गोगलगायींवर लिहिताना मी वामावर्ती-दक्षिणावर्ती हे शब्द म्हणूनच टाळतो आणि नुसतं 'तोंड डावीकडे' लिहितो.

आता चकली. सपाट कवचाला शिखरच दिसत नाही, मग वर कोणती बाजू? जुन्या ग्रंथकारांत कोणी एक बाजू वर धरून चित्र काढलं, कोणी दुसरी. त्यामुळे एकाच जातीच्या वर्णनात 'वरची बाजू खोल' आणि 'खालची बाजू खोल' अशी दोन्ही वाक्यं सापडतात आणि वाचणारा गोंधळतो. उत्तर कवचात नाही, आतल्या जिवात आहे. या सगळ्या प्लॅनॉर्बिड कुळातल्या गोगलगायींची श्वासाची आणि जननाची छिद्रं शरीराच्या डाव्या बाजूला असतात. म्हणजे प्राणी डावा, कवच कसंही दिसो. त्याच बोडीतली टोकदार लिम्निया बघा, तिची छिद्रं उजवीकडे.

बोडीकाठ ताई, बरणीच्या काचेवर चढलेली गोगलगाय बाहेरून बघा. पाण्याच्या वर येऊन ती श्वास घेते तेव्हा छिद्र उघडतं, एका नजरेत कळेल. अंग लालसर दिसेल तेही बघा. या कुळाच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं.

ओसरीवरचा | सोमवार, दुपारी १.४५

आभारी आहे. संध्याकाळी शंख दोन्ही बाजूंनी धरून पाहीन. इतकी वर्षं रोज हातात घेतोय.

टाकळीचा_दगड | सोमवार, रात्री १०.३०

डाव्या तोंडाचा विषय निघाला म्हणून नागपूरकडचं लिहितो, धाग्याला सोडून नाही.

नागपूरजवळ टाकळीला काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेले तळ्यांच्या गाळाचे थर आहेत. दख्खनचे लाव्हे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थांबून थांबून वाहिले. मधल्या काळात त्यांच्यावर तळी साचली, त्या तळ्यांत गोगलगायी होत्या आणि पुढच्या लाव्ह्याखाली त्या गाळासकट झाकल्या गेल्या. तिथली सगळ्यात ओळखीची म्हणजे फायसा प्रिन्सेपी, सॉवर्बीने १८४० मध्ये नाव दिलेली, हल्ली प्लॅटिफायसा प्रजातीत धरतात. चांगली बोटाएवढी असते. शिखर वर धरा, तोंड डावीकडे! मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा दगडावर उलटी उमटली असावी असं वाटलं होतं. उलटी नव्हती, तिचं कूळच डावं.

हे जीवाश्म गोळा करून त्यांचं वर्णन करणारे स्टीफन हिस्लॉप नागपूरला मिशनरी होते. १८६० मध्ये त्यांनी या कवचांवर निबंध छापला. त्यातल्या एका बारीक गोगलगायीला त्यांनी गावाचंच नाव दिलं, पॅल्युडिना टाकळीएन्सिस. विदर्भातल्या एका खेड्याचं नाव तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत आहे. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पुराच्या नाल्यात बुडून ते वारले. आपल्याकडच्या तळ्यांतल्या कवचांवर वसाहत पसरवून राहणारा एक सूक्ष्म प्राणी आहे, हिस्लॉपिया. १८५८ मध्ये कार्टरने तो वर्णिला, नाव यांच्यावरूनच. ताईंनी मोठ्या कवचांवर जाळीसारखा चपटा थर दिसतो का ते जरूर बघावं.

गुरांचा_दवाखाना | मंगळवार, सकाळी ७.१५

पशुवैद्यक म्हणून माझं म्हणणं मांडतो, कारण गावात या ओळखीवर गुरांचं आरोग्य अवलंबून असतं.

बैल घोरायला लागतो, नाकातून शेंबूड आणि कधी रक्त येतं, आत फुलकोबीसारखे कोंब येतात. हा शिस्टोसोमा नेझॅले या कृमीचा आजार. या कृमीचं अर्धं आयुष्य इंडोप्लॅनॉर्बिसमध्ये जातं. तिच्यातून सुटलेल्या सूक्ष्म अळ्या पाण्यात उतरलेल्या गुरांच्या कातडीतून आत शिरतात. रोवण्याच्या वेळी बायांच्या पायांना जी खाज सुटते, तिच्या मागेही कित्येकदा अशाच गुरांच्या कृमींच्या अळ्या असतात. माणसाच्या अंगात त्या पुढे वाढत नाहीत, कातडीतच मरतात आणि खाज देतात.

मग होतं असं की कोणीतरी सांगतं, चपटी गोगलगाय वाईट, मोरचूद टाका. एका गावात माझ्या डोळ्यांसमोर हे झालं. मोरचुदाने गोगलगायी मेल्या, मासळी पण मेली आणि ढिवरांचं वर्षाचं उत्पन्न गेलं. ज्या गोगलगायी मेल्या त्यांत या डाळीएवढ्या चपट्याच जास्त होत्या. बैलाला घोरायला लावणारी ती नव्हे.

लहान आहे म्हणून निरुपद्रवी असंही धरू नका मात्र. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५२ साली माणसांमधला शिस्टोसोमियासिस नोंदला गेला. तिथे ज्या गोगलगायीवर बोट ठेवलं गेलं ती फेरिसिया, तीन-चार मिलिमीटरची, टोपीच्या आकाराची. म्हणून म्हणतो, आधी ओळख, मग औषध.

डोंगा_जाळं | मंगळवार, सकाळी ८.००

डॉक्टर साहेब, मोरचुदाचं तुम्ही लिहिलं ते बरं केलं. आमच्यावर गुजरलेलं आहे ते.

धानबांधी | मंगळवार, रात्री ९.१०

नावाबद्दल विचारतो. कुठे 'जायरॉलस कॉन्व्हेक्सिअस्क्युलस (हटन, १८४९)' असं कंसात दिसतं, कुठे माणसाचं नाव बिनकंसाचं. छापण्याची चूक का?

शंखशिंपले | बुधवार, दुपारी २.३०

चूक नाही, त्या कंसात इतिहास आहे. हटनने १८४९ मध्ये अफगाणिस्तानातल्या कवचांवर लिहिताना या जातीला प्लॅनॉर्बिस कॉन्व्हेक्सिअस्क्युलस म्हटलं. कॉन्व्हेक्सिअस्क्युलस म्हणजे किंचित फुगीर. पुढे जात प्लॅनॉर्बिसमधून उचलून जायरॉलसमध्ये ठेवली. जातीचं पहिलं नाव देणारा तोच राहतो, पण प्रजात बदलली म्हणून त्याचं नाव कंसात जातं. प्रजात पहिल्यापासून तीच असेल तर कंस नाही.

चपट्या गोगलगायींत हे सारखं झालंय. लिनिअसने १७५८ मध्ये युरोपातली एक चपटी गोगलगाय जमिनीवरच्या हेलिक्समध्ये घातली होती. नंतर चपटं दिसेल ते सगळं प्लॅनॉर्बिसमध्ये भरलं गेलं. आपली मोठी गोगलगायही देशेसने १८३४ मध्ये प्लॅनॉर्बिस एक्झस्टस म्हणूनच वर्णिली. एक्झस्टस म्हणजे भाजलेली, करपलेली. तिची आतली रचना वेगळी आहे हे ओळखून ॲनॅनडेल आणि बैनी प्रशाद यांनी १९२१ मध्ये इंडोप्लॅनॉर्बिस ही प्रजात केली. ॲनॅनडेल म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे पहिले संचालक. आता डीएनएवरून दिसतंय की एक्झस्टस या एका नावाखालीही अनेक वंशरेषा लपल्या आहेत.

म्हणजे बघा, चकलीचा आकार सगळ्यांचा सारखा आणि नाती वेगळी. त्या कॉलेजच्या बरणीवर चिठ्ठी लिहिणाऱ्याने आकार बघितला, तिथेच थांबला.

बोडीकाठ | पहिल्या पोस्टनंतर तेरा दिवसांनी, शुक्रवार, रात्री १०.०५

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं झालंय.

पानाखालची एक, ५ मिलिमीटरची, काचेच्या वेगळ्या बरणीत एकटीच ठेवली होती. बोडीचंच पाणी आणि शेवाळाचा एक धागा. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी काचेवर आतून एक पारदर्शक थेंब चिकटलेला दिसला, मेणासारखा चपटा. भिंगातून बघितलं तर आत सहा अंडी. या गोगलगायी नर-मादी दोन्ही असतात हे पुस्तकात वाचलं होतं, पण एकटी ठेवलेली अंडी देईल याची मी वाट बघत नव्हते.

पिल्लू अंडी घालत नाही. प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं.

नंतर रोज शाळा सुटल्यावर मुलं येऊन बघायची. चौथ्या दिवशी अंड्यात ठिपका फिरताना दिसला, गोल गोल, न थांबता. माझ्या आईने बरणी चुलीपासून दूर, खिडकीच्या फळीवर ठेवली आणि घरात कोणाला ती हलवू दिली नाही. नवव्या दिवशी पाच बाहेर आल्या. कवच जेमतेम एका वेढ्याचं, डोळे दोन काळे टिंब. सहावं अंडं तसंच राहिलं. अंडी देणाऱ्या गोगलगायीचं श्वासाचं छिद्र नक्की डावीकडे, मी आणि तीन मुलांनी वेगवेगळं बघून खात्री केली.

सर, आता जातीचं नाव कॉन्व्हेक्सिअस्क्युलस लिहू का?

शंखशिंपले | शनिवार, सकाळी ८.२०

ताई, फार सुंदर काम केलंत. अंड्यांच्या तारखा, पाण्याचं तापमान जमेल तसं, सगळं वहीत ठेवा.

जातीचं नाव मात्र लिहू नका. तोंडाच्या आत ओठाला जाड पांढरी कड असेल तर जायरॉलस लॅबिएटसचा विचार करावा लागतो. तुमच्या तोंडाकडच्या फोटोत ती कड दिसत नाही, पण ती पूर्ण वाढलेल्यांतही नेहमी असतेच असं नाही. या प्रजातीत कवचावरून जात ठरवणाऱ्यांनी एकाच जातीला पाच नावं दिल्याचे प्रकार झालेत. पाणी, अन्न, दाटी यांवर कवचाची धार आणि जाडी बदलते. मायर-ब्रुकने १९८३ मध्ये या प्रजातीची नीट मांडणी केली ती आतल्या जननेंद्रियांवर, प्रॉस्टेटच्या फांद्या आणि शिश्नाच्या टोकावरची सूक्ष्म सुई बघून. त्यासाठी पाच-सहा पूर्ण वाढलेल्या गोगलगायी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. कवच वाळवून वेगळं ठेवलं तर शरीर जातं आणि शरीर गेलं की हा प्रश्न कायमचा अडतो.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठी बरणीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेली गळून पडते.

बोडीकाठ | शनिवार, संध्याकाळी ६.४५

लिहिली. मुलांनी अक्षर काढलं:

'जायरॉलस, जात ठरायची आहे. घरामागची बोडी, ता. लाखांदूर, जि. भंडारा. कमळाच्या जुन्या पानाची पाठ, पाणी गुडघाभर. पूर्ण वाढलेल्या, एकीने बरणीत ६ अंडी दिली.'

पाच पिल्लं बोडीत सोडली, त्याच कमळाखाली.

डोंगा_जाळं | शनिवार, रात्री ८.१०

ताई, आमच्या मोठ्या तलावातली पण हवी का? शिंगाड्याच्या वेलीवरची. सोमवारी जाळं टाकाले जातो, पानासकट आणतो. पाणी वेगळं आहे तिकडचं, गढूळ. धार असते का नसते ते तुम्ही मोजून सांगा.

बोडीकाठ | शनिवार, रात्री ८.३०

आणा भाऊ. वेगळ्या बरणीत आणा आणि कोणत्या कोपऱ्यातली ते सांगा. भिंग काढून ठेवते.